सी भाषेत स्ट्रिंग कॉपी करताना आधी जागा मोजा

सांगलीजवळच्या एका वजनकाट्यावर मी लिहिलेला प्रोग्रॅम चालायचा. ट्रक काट्यावर चढला की पावती निघायची: कुठून, गाडी नंबर, वजन. 'कुठून'साठी ८ बाइटचा ॲरे (मेमरीतली सलग जागा, रोमन अक्षराला एक बाइट), त्याला लागूनच गाडी नंबरचा. रोमन लिपीत सांगली ६ अक्षरांचं, मिरज ५. पावत्या छान निघत होत्या. मग कोल्हापूरची गाडी आली आणि गावाला चिकटूनच एमएच ०९ छापलं गेलं. रोमन कोल्हापूर बरोब्बर ८ अक्षरं. सीमध्ये स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, कुठे संपते हे शेवटचा शून्य बाइट सांगतो, आणि त्यालाच जागा उरली नव्हती.

आणि मी स्ट्रिंग कॉपी करणारं स्ट्रकॉपी (strcpy) हे फंक्शन टाळून मुद्दाम स्ट्रएनकॉपी (strncpy) वापरलं होतं, ज्याला जास्तीत जास्त किती बाइट लिहायचे ते सांगता येतं! स्ट्रकॉपीला समोरची जागा किती हे कळतच नाही, शून्य येईपर्यंत ते लिहीत सुटतं. पण स्ट्रएनकॉपी हा त्यावरचा उपाय नव्हे. ते जुन्या युनिक्समधल्या ठरावीक लांबीच्या रकान्यांसाठी होतं, डिरेक्टरीतल्या १४ बाइटच्या फाइलनावांसारख्या. रकाना पूर्ण भरला तर ते शेवटी शून्य लावत नाही, आणि जागा उरली तर सगळी शून्यांनी भरत बसतं.

मी आता एसएनप्रिंटएफ (snprintf) वापरते. पहिला आर्ग्युमेंट आपला ॲरे, दुसरा त्याचा साइझऑफ (sizeof, म्हणजे बाइटमधला आकार), तिसरा पर्सेंट-एस (%s, म्हणजे 'इथे स्ट्रिंग घाल'), चौथी आलेली स्ट्रिंग. पर्सेंट-एस गाळून आलेली स्ट्रिंगच तिसऱ्या जागी ठेवू नका. तिच्यात पर्सेंटचं चिन्ह असलं तर घात होईल. परत येणारा आकडा नक्की तपासा. तो ऋण असेल तर चूक झाली. जागेइतका किंवा जास्त असेल तर स्ट्रिंग कापली गेली. गाडी नंबर कापलेला चालत नाही, तिथे सरळ एरर द्या.

साइझऑफची एक खोच आहे. ॲरे फंक्शनला दिला की आत तो पॉइंटर, म्हणजे नुसता जागेचा पत्ता, होतो, आणि ६४ बिट मशीनवर साइझऑफ ८ सांगतो, मग ॲरे २०० बाइटचा का असेना. म्हणून लांबी वेगळी पाठवा.

जागा पाहून कॉपी करणारं आणि शेवटी शून्य लावणारं स्ट्रएलकॉपी (strlcpy) असेल तर तेही चांगलं. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते १९९८ पासून आहे, लिनक्सवरच्या जीलिबसी (glibc) या सी लायब्ररीत २०२३ मध्ये २.३८ आवृत्तीत आलं. मात्र मूळ स्ट्रिंगच्या शेवटी शून्य नसेल तर एसएनप्रिंटएफ आणि स्ट्रएलकॉपी दोन्ही भरकटतात. एकाच ॲरेत मजकूर पुढे-मागे सरकवायचा असेल तर मेममूव्ह (memmove) हे फंक्शन वापरा.

आता मराठीचं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा. 'कोल्हापूर' म्हणजे ९ चिन्हं, २७ बाइट, शून्यासकट २८. माझ्या ८ बाइटांत ७ बाइट मजकूर बसेल: दोन चिन्हं पूर्ण आणि तिसऱ्याचा एकच तुकडा. पावतीवर तिथे चौकोन किंवा कचरा येतो. कापायचंच असेल तर मूळ स्ट्रिंगमध्ये कापण्याच्या जागेपासून पुढचा पहिला बाइट बघा. तो १२८ ते १९१ मधला असेल तर तो चिन्हाच्या मधला तुकडा आहे; एकेक बाइट मागे या, तो पट्टा सुटेपर्यंत, आणि तिथे शून्य ठेवा. बाइट अनसाइन्ड कॅर (unsigned char, ऋण न होणारा आकडा) म्हणूनच बघा, नाहीतर ही तुलना फसते. एवढं करूनही एखादी मात्रा तुटू शकते, म्हणून नावांसाठी मी जागाच मोठी ठेवते.

कोड सोपवण्याआधी तीन नोंदी टाकून बघा. ८ बाइटच्या रकान्यासाठी ७, ८ आणि ९ अक्षरांच्या. मी तेव्हा फक्त सांगली आणि मिरज टाकून पाहिलं होतं.