‘मोअर टॉलर’ नको
‘राजू माझ्यापेक्षा उंच आहे’ म्हणताना ‘उंच’ जागचा हलत नाही. तुलनेचं सगळं ओझं एकट्या ‘पेक्षा’वर. इंग्रजीत नुसत्या ‘दॅन’वर भागत नाही, विशेषणही बदलावं लागतं, ‘टॉल’ला ‘-अर’चं शेपूट लावून: ‘राजू इज टॉलर दॅन मी’. शब्द लांबलचक असला की शेपूट न लावता आधी ‘मोअर’ घ्यायचं: मोअर एक्स्पेन्सिव्ह. दोन्ही एकदम मात्र नको. ‘मोअर टॉलर’ म्हणजे चहात साखर घालून वर गूळ! आणि ‘माझ्यापेक्षा खूपच उंच’ म्हणायला ‘व्हेरी टॉलर’ चालत नाही, ‘मच टॉलर’ म्हणा. एरवी पाणी, वेळ अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींना लागणारा ‘मच’ इथे तुलनेला जोर देतो. गुड-बेटर, बॅड-वर्स? ते सरळ पाठच करा.