पिकअपची ताडपत्री घेताना वजनकाटा विसरू नका

पावसाळ्याआधी पिकअपला नवी ताडपत्री घेणार असाल, तर दुकानात जाण्याआधी टेप घेऊन हौद्यापाशी उभे राहा. नुसता हौदा मोजून चालत नाही. माझा हौदा ९ बाय साडेपाच फूट. माल फळ्यांच्या वर दोन फूट जातो, म्हणजे दोन्हीकडून चार फूट वाढले, शिवाय बांधायला प्रत्येक बाजूला एकेक फूट. झाली १५ बाय साडेअकरा, म्हणजे १५ बाय १२ ची घ्यायची.

जाडी जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. लेबलावर काहीही छापलेलं असतं, म्हणून सरळ काट्यावर टाकायला सांगा. १५ बाय १२ ची २०० जीएसएम ताडपत्री साधारण ३.३ किलो भरायला हवी. अडीच किलोच भरली तर ती १५० चीच आहे. दुकानदार जरा तोंड वाकडं करतो, करू दे.

गगनबावड्याकडं जाणार असाल तर २०० जीएसएमहून पातळ घेऊच नका. तिथला पाऊस आडवा येतो.

गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरत असाल तर प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली घाम धरतो आणि गूळ पाझरतो. कॅनव्हासमधून हवा खेळते, पण ती जड आणि महाग. ओली घडी घातली की कुबट वास सुटतो.

रिंगा अॅल्युमिनियमच्या किंवा पितळी बघा. लोखंडी रिंग गंजली की भोवतीचं कापडही फाटतं. कडेला आत दोरी शिवलेली आहे का, तेही चाचपून पाहा.