ढालकिडे सोडायचे तर आधी थर्मामीटर बघा

ढालकिडा (लेडीबर्ड) मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारी बारीक कीड, खातो; म्हणून तो रानात सोडतात. त्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. रानातली हवा जशी, तशी त्याची भूक आणि वाढ. चवळी-भाजीवर दिसणारा सहा ठिपक्यांचा ढालकिडा 27 अंशांच्या आसपास साधारण 15 दिवसांत अंड्याचा भुंगेरा होतो. दहा अंशांखाली वाढ थांबते असं धरा. मग 27 ला रोज 17 अंश जमा होतात, 20 ला फक्त 10. तेच 15 दिवस 25 वर जातात. हिशोब ढोबळ आहे, पण वेळापत्रक आखायला पुरतो. तिशीच्या वर मात्र तो लागू पडत नाही: पस्तिशी ओलांडली की अंडी कमी फुटतात आणि कोवळ्या अळ्या सुकतात.

थर्मामीटर बांधावर उन्हात नको, पिकाच्या उंचीवर पानांच्या सावलीत टांगा. किडा तिथं राहतो.

कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीची पहाट 15 अंशांवर येते तेव्हा ढालकिडा मंदावतो. माव्याला मात्र कमी ऊब पुरते, तो पिल्लं घालत राहतो. म्हणून थंडीत शेंडे चिकट होईपर्यंत थांबू नका. मावा तुरळक असतानाच सोडा, तेही ऊन चढल्यावर. शक्यतो मोठ्या अळ्या घ्या. त्या सगळ्यात जास्त खातात आणि उडून शेजाऱ्याच्या रानात जात नाहीत.

एप्रिल-मेमध्ये, विशेषतः शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात, उलटं. आधी पाणी द्या, दिवस मावळल्यावर पानांच्या खालच्या बाजूला सोडा. कडेनं मका-चवळी असली तर सावली मिळते, चवळीवरचा मावा खाद्याला होतो. सरीत पाचट पसरलं की जमीनही कमी तापते.

नुकसान जास्त होतं ते वाटेत. बंद गाडीत दुपारी किड्यांचा डबा ठेवला तर किडे मेलेच समजा. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाची बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. ती डब्याला थेट टेकली तर आत पाणी सुटतं आणि बारक्या अळ्या त्यात चिकटून मरतात. डब्याला झाकण नको, सुती कापड बांधा. आत कागदाच्या घड्या आणि मावा लागलेलं पान हवंच, नाहीतर अळ्या एकमेकींना खातात.

आठवड्यानं पानं उलटून बघा. उभ्या पिवळ्या अंड्यांचे पुंजके किंवा मगरीसारख्या काळपट, काटेरी अळ्या दिसल्या तर जम बसला. याच अळ्यांना कीड समजून पंप उचलला जातो, तेवढं सांभाळा.