क्रूझसाठी विमानतळावरून गाडी ठरवताना

विमानाने मुंबईत येऊन क्रूझ पकडणार असाल, तर गाडी ठरवताना उतरण्याचं ठिकाण नुसतं ‘क्रूझ टर्मिनल’ लिहू नका. ‘बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट’ असं लिहा आणि चालकाला फोनवरही सांगा. आमच्या चालकाने ‘बोट’ एवढंच ऐकलं आणि गाडी थेट माझगावला, भाऊच्या धक्क्यावर नेली. समोर मासळीच्या टोपल्या, हातात क्रूझचं तिकीट. आईचा चेहरा एवढासा झाला. दोन्ही ठिकाणं तशी जवळ, पण चेक-इनची वेळ टळत आली की तेवढं अंतरही जीव घेतं.

तुमचं विमान विमानतळाच्या टी-१ (टर्मिनल १) ला उतरतंय की टी-२ ला, हेही आधीच कळवा.

सहा जण असाल तर अर्टिगावर भागवू नका. मागची सीट उघडली की डिकीत जेमतेम दोन छोट्या बॅगा राहतात. वर कॅरिअर आहे का विचारा, पावसाळ्यात ताडपत्रीही.

पार्किंग आणि टोल भाड्यात धरलेत का, ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. चेंबूरमार्गे ईस्टर्न फ्रीवे धरला तर बॅलार्ड पिअरकडे जाणाऱ्या पी. डिमेलो रोडवर उतरता येतं. तरी संध्याकाळी हाताशी दोन तास ठेवाच.