होडीचं विस्थापन वजनाशी जुळेना: चूक छेदांच्या संख्येत होती

वर्सोव्यातली आमची होडी काट्यावर १७४० किलो भरली, पण पाणरेषेखालच्या आकारमानावरून विस्थापनाचा, म्हणजे होडीने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाचा, हिशेब १६५० च्याच आसपास येई. मापं पुन्हा घेतली, खाऱ्या पाण्याची घनता तपासली, फरक तसाच. आठवडाभर डोकं पिकलं.

मी होडीचे ६ छेद (आडवे काप) घेतले होते, म्हणजे त्यांच्यामध्ये ५ भाग. छेदांच्या क्षेत्रफळांवरून आकारमान काढायच्या सिम्पसनच्या १-४-१ नियमाला भाग सम संख्येत लागतात.

मग हिशेब नव्याने केला. आधी ६ मीटरची पाणरेषा ६ सारख्या भागांत विभागली: ७ छेद. मग प्रत्येक छेदाचं पाण्याखालचं क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये: ०, ०.२०, ०.३६, ०.४२, ०.३८, ०.२६, ०.१०. त्यांना क्रमाने १, ४, २, ४, २, ४, १ ने गुणलं. बेरीज ५.१०. तिला छेदांमधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याने गुणलं: १.७० घनमीटर. गुणिले खाऱ्या पाण्याची घनता १०२५, म्हणजे सुमारे १७४२ किलो.

क्षेत्रफळ अर्ध्याच रुंदीचं मोजलं असेल, तर शेवटी दुप्पट करा.