गारपिटीचा सीझन यायच्या आत आरव्हीच्या रबरी छपराची तयारी

आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायची आरव्ही (चाकांवरचं घर), अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसजवळ उघड्यावर उभा असतो आणि इथे मार्च ते मे म्हणजे गारांचे दिवस, त्यामुळे फेब्रुवारी संपायच्या आत खालची सगळी तयारी करून ठेवाच.

सगळ्यात आधी छप्पर कशाचं आहे ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, ईपीडीएम (कृत्रिम रबर) की टीपीओ (रबरासारखं दिसणारं प्लास्टिक). लोक दोन्हीला रबर रूफच म्हणतात पण सीलंट (सांधे बुजवायचा मसाला) आणि पॅचचा गोंद निवडताना हा फरक लागतोच, ट्यूबवर आपल्या छपराचं नाव आहे का ते वाचूनच घ्या. मग आकाश निरभ्र आहे तोवर फोटो काढून ठेवा, पूर्ण छप्पर, प्रत्येक व्हेंट (हवेचा झरोका), स्कायलाइट (छपरातली उजेडाची खिडकी), एसीचं कव्हर, कडेच्या पट्ट्या, सगळं. नंतर इन्शुरन्सवाले म्हणतात की ही चीर जुनीच आहे, तेव्हा हे फोटोच कामाला येतात. पॉलिसीत कॉम्प्रिहेन्सिव्ह आहे ना आणि डिडक्टिबल (आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम) किती ते पण आत्ताच बघा, गारपीट कॉम्प्रिहेन्सिव्हमध्येच मोडते, नुसत्या लायबिलिटीवर (दुसऱ्याच्या नुकसानीपुरत्या विम्यावर) काही मिळत नाही.

आता सामान. एका डब्यात सेल्फ-लेव्हलिंग (आपोआप पसरून सपाट होणाऱ्या) लॅप सीलंटच्या दोन-तीन ट्यूब आणि गन, इटर्नाबाँड टेपचा (छपराच्या चिरांवर लावायच्या घट्ट चिकटपट्टीचा) एक रोल, टेप दाबायला छोटा रोलर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ फडकी, व्हेंटची दोन जादा झाकणं, जाड ताडपत्री आणि दोऱ्या. छपरावर गुडघे टेकायला प्लायवुडचा तुकडा पण ठेवा, म्हणजे वजन एका जागी पडत नाही. आणि कृपा करून डांबर आणू नका! गावाकडे पावसाळ्याआधी गच्चीला, पत्र्याला डांबर लावायची आपली सवय, पण पेट्रोलियमवाली कुठलीही गोष्ट ईपीडीएमला लागली की रबर फुगतं आणि सुटून वर येतं. सिलिकॉन पण नको, त्यावर नंतर दुसरं काही धड चिकटत नाही.

इशारा आला की शक्य असेल तर ट्रेलर छताखाली न्या, नाहीतर व्हेंट बंद करा, ऑनिंग (बाहेरचं कापडी छत) गुंडाळा, स्लाइड (खोलीचा बाहेर सरकणारा भाग) आत घ्या म्हणजे तिच्या वरचं कापड वाचतं, आणि तुम्ही पक्क्या इमारतीत जा. इथे एक इंच म्हणजे साधारण मोठ्या बोराएवढी गार झाली की वेदर सर्व्हिस त्या वादळाला सिव्हिअर म्हणते, लिंबाएवढ्या गारा आल्या तर आरव्हीत थांबायचं नाही म्हणजे नाही. गारा थांबल्या की दोन-चार मोठ्या गारा पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाका, बाकीच्यांचा नाण्याशेजारी ठेवून फोटो काढा.

वर लगेच चढू नका, विजा थांबू द्या आणि छप्पर वाळू द्या, ओलं रबर साबणासारखं घसरतं. तोवर आतून बघून घ्या, बाथरूमच्या स्कायलाइटखाली, कपाटांच्या कोपऱ्यात, एसीच्या चौकटीला हात लावून. रबर स्वतः बरंच सोसतं, आधी फुटतं ते प्लास्टिक, म्हणजे व्हेंटची झाकणं, स्कायलाइट, पाइपांच्या टोप्या. आमचं छप्पर पहिल्यांदा खालून बघितलं तर अगदी ठीक वाटलं होतं, मग वर जाऊन ओलं फडकं फिरवलं तेव्हा एसीच्या मागे नखाएवढी अर्धचंद्रासारखी चीर दिसली, बाजूला अंगठ्याने दाबलं तर खालचं लाकूड मऊ लागलं. पाणी आत गेलेलं होतं. म्हणून प्रत्येक खळग्यात बोट फिरवायचं, फक्त डाग आहे की रबर कापलंय ते बोटालाच कळतं, आणि सापडलं की खडूने गोल करून फोटो घ्यायचा.

निफाडला मामांची द्राक्षबाग आहे, ते म्हणतात पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. इथे मात्र जरा वेगळं आहे, अ‍ॅडजस्टर (नुकसान बघायला येणारा इन्शुरन्सचा माणूस) यायच्या आत पाणी अडवणं हे मालकाचंच काम धरतात, नाही अडवलं तर नंतरच्या कुजण्याचे पैसे द्यायला खळखळ करतात. तर आधी फोटो, मग अल्कोहोलने जागा पुसून, पूर्ण वाळवून टेप लावा आणि रोलरने घट्ट दाबा, फुटलेल्या स्कायलाइटवर ताडपत्री, आणि सगळ्या पावत्या एका पाकिटात. कायमची दुरुस्ती मात्र अ‍ॅडजस्टरने बघितल्यावरच.

रिपेअर झालं की एकाला आत टॉर्च घेऊन बसवा आणि बाहेरून होजने पाणी सोडा, खालच्या कडेपासून हळूहळू वर, एकेका जागी काही मिनिटं थांबत. आतल्याने सांध्यांवर टिश्यू पेपर टेकवत राहायचं, डोळ्याला न दिसणारा ओलावा पण त्यावर लगेच उमटतो.