सात तुकड्यांचा टॅनग्राम घरी बनवा, पण उत्तरं बघून खेळू नका

टॅनग्राम म्हणजे लहान मुलांना आकार शिकवायचं खेळणं असं समजून बरेच जण त्याच्याकडे बघतच नाहीत. पण हा खेळ चीनमधला, 1800 च्या आसपासचा, आणि 1817-18 मध्ये तर युरोपातली मोठमोठी माणसं याच्या नादी लागली होती, चीनमधल्या कँटन बंदरातून हस्तिदंताचे कोरीव सेट बोटीतून जायचे. आपल्याला बुटाच्या खोक्याचं झाकण पुरतं.

16 सेंमीचा चौरस कापा. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेघ मारा. खालच्या आणि उजव्या बाजूचे मध्य जोडा, ही छोटी रेघ. आता वरच्या डाव्या कोपऱ्यातून थेट छोट्या रेघेच्या मध्यापर्यंत या. तिथूनच सरळ वर तिरक्या रेघेला टेकेपर्यंत एक रेघ, आणि शेवटची खालच्या बाजूच्या मध्यापासून तिरक्या रेघेवर, खालून पाव अंतरावर. कापलं की पाच त्रिकोण, एक चौरस, एक समांतरभुज चौकोन. रंग दोन्ही बाजूंना द्या कारण समांतरभुज चौकोन कधी कधी उलटा करावा लागतो, बाकीचे नुसते फिरवले तरी चालतात.

तुकडे जुळवून माणूस, प्राणी अशा आकृत्या करायच्या. नियम एवढाच की सातही तुकडे वापरायचे, एकावर एक चढवायचे नाहीत.

आता खरी मजा. चौरस कोपऱ्यावर उभा करून डोकं करा, खाली मोठे त्रिकोण, आणि बघा, नाक नाही डोळे नाहीत तरी तो माणूस वाटतो! डोकं बोटभर पुढे सरकवलं की तोच माणूस वाकून काहीतरी शोधतोय, पायाचा छोटा त्रिकोण मागे वळवला की पळत सुटला. मला हे इतकं आवडतं की नेटवरचे नमुने मी शेवटीच बघते, आधी तुकडे नुसते सरकवत बसायचं आणि काय दिसतंय ते आपणच ओळखायचं.

हात बसला की जुनं कोडं घ्या: दोन माणसं अगदी सारखी दिसणारी, दोघांतही तेच सात तुकडे, पण एकाला पाऊल आहे आणि दुसऱ्याला नाही. पाऊल गेलं कुठे? पट्टी घेऊन दोघांची धडं मोजा, बिनपावलाचा माणूस किंचित जाडा निघतो.